साठ प्रतींचं नियतकालिक

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या संशोधकाची ओळख करून देताना हल्ली आकडे आधी येतात. शोधनिबंध किती, इतरांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला, या दोन्हींवरून काढलेला 'एच-इंडेक्स' नावाचा गुणांक किती. आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचं काम १८८८ साली या मापानं मोजलं असतं, तर हाती फारसं काही लागलं नसतं. आणि तरी मेंदूविज्ञानात त्या वर्षाइतकं मोलाचं वर्ष मला दुसरं दिसत नाही.

त्यांचं नाव सांतियागो रामोन इ काहाल. जन्म १८५२चा, स्पेनमधल्या एका डोंगराळ खेड्यातला. मुलाला चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी त्याला वैद्यकाकडे वळवलं. चित्र काढणारा हात मात्र सुटला नाही, आणि तोच पुढे कामी आला.

१८८७ साली माद्रिदमध्ये डॉक्टर लुइस सिमारो यांच्याकडे काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी पाहिली. इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या रीतीनं ती रंगवली होती. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये. या रीतीत असंख्य पेशींपैकी मोजक्याच रंगतात, पण ज्या रंगतात त्या पार टोकापर्यंत, पिवळट पार्श्वभूमीवर शाईनं रेखाटाव्यात तशा. शेजारच्या सगळ्या अदृश्य. म्हणून तर एकेक पेशी वेगळी ओळखता येते.

रीत लहरी होती, साधली तर साधली. काहाल यांनी चांदीचा संस्कार दोनदा केला, छेद जाड घेतले, आणि प्रौढ मेंदूऐवजी भ्रूण आणि पिल्लं निवडली. त्या वयात चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं आवरण चढलेलं नसतं, त्यामुळे रंग नीट चढतो. दाट रानात शिरण्याऐवजी रोपवाटिकेत जाऊन पाहावं, असा त्यांचा विचार होता.

त्यांना जे दिसलं ते प्रचलित मताच्या विरुद्ध होतं. मेंदू म्हणजे एकमेकांत विरघळलेल्या तंतूंचं सलग जाळं, असं तेव्हा बहुतेक जण मानत, स्वतः गोल्जीसुद्धा. काहाल यांना तंतूंची टोकं मोकळी दिसली. पेशी पेशीजवळ येते, तिला बिलगते, पण तिच्यात मिसळत नाही.

आता हे छापायचं कुठे? मे १८८८मध्ये त्यांनी स्वतःचंच त्रैमासिक काढलं. पहिल्या अंकाच्या प्रती साठ, खर्च पदरचा, सगळे लेख त्यांचेच. त्या प्रती परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. पण अंक स्पॅनिशमध्ये होता, आणि शरीररचनेचे त्या काळचे विद्वान जर्मन वाचत, फ्रेंच वाचत. स्पॅनिश कोण वाचणार? मराठीत शास्त्र लिहिणाऱ्या कुणालाही ही कळ वेगळी समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर १८८९मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्र संस्थेची सभा बर्लिनला होती. काहाल आपल्या काचपट्ट्या घेऊन तिथे गेले. तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये ते एकेकाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावत होते. त्यांतच होते अल्बर्ट कोलिकर, वय ७२, त्या क्षेत्रातले सर्वांत वजनदार गृहस्थ. ते जाळ्याच्या मताकडे झुकलेले होते. त्यांनी लहान मेंदू, म्हणजे मेंदूचा मागचा-खालचा भाग, पाहिला, दृष्टिपटल पाहिलं. मग काहाल यांना आपल्या बग्गीतून हॉटेलवर नेलं, जेवायला घातलं, आणि हे काम मी जर्मनीत सर्वांपुढे मांडीन असा शब्द दिला. त्यांनी स्वतःचं मत बदललं. आणि काहाल यांचे लेख मुळातून वाचता यावेत म्हणून त्या वयात ते स्पॅनिश शिकले. मला तरी यापेक्षा मोठा वाचक माहीत नाही.

पुढे १८९१मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर यांनी या स्वतंत्र पेशीला 'न्यूरॉन' हे नाव दिलं. १९०६चं नोबेल काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळालं, तेव्हा गोल्जींनी आपल्या भाषणात न्यूरॉनच्या कल्पनेवरच हल्ला केला. दुसऱ्या दिवशी काहाल बोलले, आणि आपल्याला दिसलं ते त्यांनी पुन्हा मांडलं. १९३४मध्ये ते वारले. पेशींमधली फट प्रत्यक्ष दिसली १९५०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून. ती मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी भरली.

आणखी एक गोष्ट त्या पहिल्या वर्षातलीच. कोंबडीच्या लहान मेंदूतल्या पेशींच्या फांद्यांवर काहाल यांनी बारीक काटे रेखाटले होते. हे नुसते साचलेले चांदीचे कण आहेत, असं म्हणून कित्येकांनी ते बाजूला सारलं. १८९६मध्ये त्यांनी मिथिलीन ब्लू या अगदी वेगळ्या रंगानं तेच काटे पुन्हा दाखवले. आज आपल्याला माहीत आहे की पेशीकडे येणारे बरेचसे संदेश या काट्यांवरच घेतले जातात, आणि शिकताना ते बदलतात. जगभरच्या प्रयोगशाळांत आता ते मोजले जातात. आणि त्यांची कहाणी सांगताना अभ्यासक मागे जातात ते १८८८च्या त्या लेखाशी, साठ प्रतींच्या त्या अंकाशी.

नमस्कार.