हँडल कोणी फिरवायचं?

(ठाण्यात रेल्वे कर्मचाऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, 'हे आमचं काम नाही' यापेक्षा 'हे आमचंच काम आहे' यावरून रेल्वेत जास्त मोठी भांडणं झाली आहेत. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेत आयबीएमची यंत्रं आली आणि कंपनीने त्यांवर कारकून बसवले. करारानुसार हे काम आमचं, असं म्हणत तारवाल्यांची, म्हणजे तारेने संदेश पाठवणाऱ्यांची, संघटना रेल्वे लवादाकडे गेली. हा लवाद १९३४ सालचा. त्याने तारवाल्यांचा करार तेवढा पाहिला आणि निकाल दिला: यांनाही पगार द्या. प्रत्यक्ष काम कारकुनांनी केलेलं, त्याचे पैसेही त्यांना मिळालेले! कारकुनांच्या संघटनेला नोटीस गेली होती, पण ती सुनावणीला आलीच नाही. १९६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोन्ही करार समोर ठेवा आणि एकाच सुनावणीत सगळा वाद मिटवा. माझ्या मते हे तीस वर्षं आधीच व्हायला हवं होतं.

अमेरिकेत असा दावा टिकतो तो बारकाव्यांवर. करारात नुसती पदांची नावं असतील, कामांची नसतील, तर ते काम पूर्वापार फक्त आपलेच लोक करत आले हे संघटनेला दाखवावं लागतं. १९५४ च्या राष्ट्रीय करारात दावा करायला ६० दिवस होते. कंपनीनेही ६० दिवसांत कारण देऊन नकार कळवला नाही, तर दावा मागितला तसा मंजूर.

आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या विवादाच्या व्याख्येत कामगार विरुद्ध कामगार हा वादही बसायचा. पण सेवाशर्ती बदलण्याआधी २१ दिवसांची नोटीस देण्याचं त्यातलं कलम ९अ रेल्वे आस्थापना संहितेखालच्या कर्मचाऱ्यांना लागू नव्हतं. म्हणून आपले असे विषय मुख्यतः पीएनएमच्या, म्हणजे प्रशासन आणि संघटना यांच्यातल्या कायम वाटाघाटी यंत्रणेच्या, टेबलावर येतात, आणि तिथे मोघम लिहिलेला विषय हमखास मागे पडतो.

पॉइंट फेल्युअरचंच घ्या, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारा पॉइंट मोटरने फिरत नाही आणि क्रँक हँडलने हाताने फिरवावा लागतो तेव्हाचं. या हँडलची चावी स्टेशन मास्तरच्या ताब्यात. ती काढली की त्या पॉइंटवरचे सिग्नल ऑफ होत नाहीत, म्हणजे गाडीला पुढे जायची खूण देत नाहीत. हँडल मशीनमध्ये घातलं की मोटरचा पुरवठा तुटतो. मग फेरे मारायचे, टंग रेल (सरकणारा रूळ) स्टॉक रेलला (स्थिर रुळाला) नीट चिकटली का ते वाकून बघायचं, क्लॅम्प लावून कुलूप घालायचं. हे गाडीचा मार्ग लावणं झालं, म्हणजे स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समनचं काम. बिघाड शोधणं सिग्नल मेंटेनरचं, आणि त्यासाठी मशीनला हात घालायचा तर आधी डिस्कनेक्शन मेमो (मशीन वापरातून काढल्याची चिठ्ठी), नंतर रिकनेक्शन (पुन्हा वापरात दिल्याची). मेंटेनर तिथे उभाच आहे म्हणून त्याच्या हातात हँडल दिलं की घोळ सुरू. क्लॅम्प काढायचा राहिला आणि पॅनलवरून पॉइंट फिरवला, तर क्लच नुसता घसरतो, पॉइंट नीट बसल्याचं इंडिकेशन येत नाही, आणि रजिस्टरमध्ये दुसरं फेल्युअर पडतं. ते सिग्नल खात्याच्या नावावर!

तेव्हा अजेंड्यात 'क्रँक हँडलचं काम' असं लिहू नका. चावी कोणी काढली, हँडल कोणी फिरवलं, क्लॅम्प कोणी लावला आणि कोणी काढला, मेमोवर सही कोणाची आणि किती वाजता, हे वेगवेगळं लिहा. आणि दुसऱ्या कॅटेगरीच्या माणसाला त्याच बैठकीला बोलवा.