बैठक संपल्यानंतर: जपानमधील एक व्यावसायिक संध्याकाळ

टोकियोतील शिम्बाशी स्थानकाच्या परिसरात, रेल्वेमार्गाखालच्या विटांच्या कमानींमध्ये थाटलेल्या खानावळी कचेऱ्या सुटल्यावर भरू लागतात. मद्य मागवायचे आणि त्यासोबत छोट्या बशांतून येणारे पदार्थ सगळ्यांनी वाटून घ्यायचे, अशी रीत असलेल्या या खानावळींना इझाकाया म्हणतात. कामानिमित्त परदेशातून आलेल्या पाहुण्याला दिवसभराची बैठक आटोपल्यावर अनेकदा अशाच ठिकाणी आणले जाते, आणि बैठकीच्या खोलीत जेवढे न्याहाळले नसेल तेवढे त्याला या टेबलाभोवती न्याहाळले जाते.

पहिला प्रश्न बसण्याचा. दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची असून ती पाहुण्यासाठी किंवा ज्येष्ठ अधिकाऱ्यासाठी राखलेली असते; दाराजवळ सर्वांत कनिष्ठ कर्मचारी बसतो, कारण वेटरला हाक मारणे, पदार्थ मागवणे आणि रिकाम्या बशा पुढे सरकवणे हे त्याचे काम असते. नम्रतेपोटी पाहुणाच दाराशी बसू लागला, तर सगळ्यांचीच पंचाईत होते. बसताच ओला, घडी घातलेला रुमाल हाती येतो. तो हात पुसण्यापुरता असतो. दिवसभराचा शीण कितीही असला, तरी तो चेहऱ्यावरून फिरवू नये. पाठोपाठ न मागवलेली एक छोटी बशी समोर येते आणि तिचे पैसे बिलात लागतात. नवख्या प्रवाशाला ही फसवणूक वाटते, पण ही तिथली सर्वमान्य पद्धत असल्याने तिच्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता बिअरच्या बाटलीकडे लक्ष द्यावे. ओतणारा उजव्या हाताने बाटली धरतो, डावा हात खालून आधाराला लावतो आणि बाटलीवरचे लेबल वरच्या बाजूला राहील याची काळजी घेतो. घेणारा आपला ग्लास दोन्ही हातांनी उचलून किंचित पुढे करतो. सगळ्यांचे ग्लास भरून ‘काम्पाय’ म्हटले जाईपर्यंत कोणी घोट घेत नाही, आणि ग्लास एकमेकांना टेकवताना कनिष्ठ माणूस आपल्या ग्लासाची कड ज्येष्ठाच्या ग्लासापेक्षा थोडी खाली ठेवतो. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नसतो. त्यामुळे गप्पा कितीही रंगल्या, तरी शेजाऱ्याच्या ग्लासात किती उरले आहे याकडे प्रत्येकाची नजर असते. या संपूर्ण शिष्टाचारातील सर्वांत सुंदर भाग हाच आहे, असे आम्हाला वाटते, कारण इथे पाहुणाही बाटली उचलून यजमानाला ओतू शकतो आणि तेवढ्या एका कृतीने टेबलावरचे अवघडलेपण बरेच कमी होते. पंगतीत आग्रह करणाऱ्या वाढप्याला पानावर हात आडवा धरून थांबवावे लागते; इथे ग्लास भरलेलाच राहू दिला की पुरते. मद्य न घेणाऱ्याने उलाँग चहा मागवला तरी कोणी हरकत घेत नाही.

शाकाहारी प्रवाशाची अडचण मात्र खरी आहे आणि ती गोड बोलून टळत नाही. ‘मी मासे खात नाही’ असे सांगितल्यावर यजमान मोठ्या आपुलकीने टोफू मागवतात. तो वाफाळत येतो, आणि त्यावर पेरलेले सुकवलेल्या माशाचे कागदासारखे पातळ काप उष्णतेने हलत असतात. काप बाजूला सारले, तरी खालचा रस बहुधा त्याच माशाचा आणि कोंबू या समुद्री शेवाळाचा अर्क असतो. दाशी नावाचा हा अर्क जपानी स्वयंपाकाचा पाया असून मिसो सूपपासून उकडलेल्या पालकापर्यंत तो सर्वत्र आढळतो. याच कोंबूमधून किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा केला आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. केवळ कोंबू आणि सुकवलेल्या शिताके अळिंब्यांच्या अर्कावर उभी असलेली शोजिन र्‍योरी ही बौद्ध मठांची पाकपद्धती अस्तित्वात आहे आणि कोया पर्वतावरील मठांत ती पाहुण्यांना वाढली जाते. पण शिम्बाशीच्या कमानीखाली तिची अपेक्षा धरू नये. आपण काय खात नाही, हे निमंत्रण स्वीकारतानाच स्पष्ट लिहून कळवणे यजमानालाही सोयीचे जाते, कारण पाहुणा उपाशी राहिला ही त्याच्या दृष्टीने मोठी नामुष्की असते.

चॉपस्टिक भातात उभ्या रोवू नयेत आणि घास एका चॉपस्टिकवरून दुसऱ्याच्या चॉपस्टिकवर देऊ नये. या दोन्ही कृतींचा संबंध मृतांच्या विधींशी आहे. नूडल्स मात्र आवाज करत ओढल्या तरी चालतात. बिल यजमान गाजावाजा न करता चुकते करतो आणि बक्षिसी ठेवायची नसते. टेबलावर नाणी सोडून निघालेल्या ग्राहकाच्या मागे, विसरलेले पैसे परत करायला, वेटर रस्त्यापर्यंत धावत येऊ शकतो.

रात्र चढते तसे हुद्दे सैल होतात. दिवसभर एक शब्द न बोललेला तरुण कर्मचारी साहेबांसमोर आपले मत बोलून दाखवतो, आणि कधी कधी मंडळी तिथून उठून दुसऱ्या ठिकाणी गाण्यासाठी जातात. या मोकळेपणाला मान्यता आहे, पण ती त्या रात्रीपुरतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्याने कालच्या जेवणाबद्दल आभार मानावेत, यजमान वाकून ते स्वीकारतो, आणि रात्री कोण काय बोलले याचा उल्लेख दोघेही टाळून कराराच्या मसुद्याकडे वळतात.