ओर्व्हिएतो : कड्यावरचं गाव, कड्यातलं पाणी

(दृश्य : रोमचं तेर्मिनी स्टेशन, गाड्यांचा फलक)

रोमहून ओर्व्हिएतो या इटलीतल्या कड्यावरच्या गावाला जायला निघालात, तर तेर्मिनीच्या फलकावर ओर्व्हिएतो हे नाव शोधत बसू नका. तिथे गाडीचं शेवटचं स्टेशनच ठळक दिसतं आणि या मार्गावरच्या बऱ्याच साध्या गाड्या पुढे फ्लॉरेन्सला जातात. फलकावर ते ‘फिरेन्झे’ असं लिहिलेलं असतं. म्हणून तिकिटावरचा गाडी क्रमांक बघायचा. फलाटाच्या आकड्यापुढे ‘एस्त’, म्हणजे पूर्व, असं लिहिलं असेल, तर सात-आठ मिनिटं चालायची तयारी ठेवा.

रेजिओनाले, म्हणजे साध्या गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख आणि वेळ छापून घ्यावी लागते. ते राहिलं, तर तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाचं चेक-इन करायचं असतं. प्रवास साधारण सव्वा तासाचा.

(दृश्य : गाडीच्या खिडकीतून दिसणारा कडा)

डावीकडचा हा सपाट माथ्याचा कडा टफ नावाच्या दगडाचा आहे. ज्वालामुखीची राख घट्ट बसून हा दगड तयार झाला. तो इतका मऊ की हातोडी-छिन्नीने सहज कोरता येतो, आणि त्याच्याखाली चिकणमातीचा थर आहे. पावसाचं पाणी टफमधून झिरपत जातं आणि त्या चिकणमातीवर अडतं. म्हणजे गाव वर आणि पाणी पायाशी. उभे कडे असल्यामुळे शत्रूला वर येणं अवघड, पण वेढा पडला तर गावाने प्यायचं काय? हा प्रश्न डोक्यात ठेवून दिवसाची आखणी केली, तर ओर्व्हिएतो नीट कळतं.

(दृश्य : फ्युनिक्युलर)

स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला की फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे. 1888मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन उतरायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा वर ओढायचा. 1970च्या सुमारास ती बंद पडली आणि 1990मध्ये विजेवर पुन्हा धावू लागली. काही मिनिटांत आपण काहेन चौकात पोचतो.

इथे बहुतेक जण कॅथीड्रलकडे जाणाऱ्या छोट्या बसमध्ये चढतात. तुम्ही चढू नका. चौकापासून दोन मिनिटांवर सान पात्रित्सिओची विहीर आहे आणि ती सकाळीच बघायला हवी. संध्याकाळी थकलेल्या पायांना तिच्या पायऱ्या झेपत नाहीत.

(दृश्य : विहिरीचं तोंड, मग जिना)

मे 1527मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगारथकल्या सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट रोममधल्या कास्तेल सांतांजेलो या किल्ल्यात अडकला, डिसेंबरात निसटला आणि ओर्व्हिएतोला आला. इथेही वेढा पडला तर पाण्यावाचून शरण जावं लागेल, हे त्याला दिसत होतं. त्याने ही विहीर खोदायचं काम धाकट्या आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराकडे सोपवलं.

खोली सुमारे 53 मीटर, रुंदी 13 मीटर. एवढ्या खोलीवरून माथ्यावरच्या लोकवस्तीला पुरेल इतकं पाणी काढायचं कसं? आपल्याकडच्या मोटेत बैल वर राहतात आणि पाणी दोराने वर येतं. सांगाल्लोने खेचरंच पाण्यापर्यंत नेली. पण एकाच जिन्यावर उतरणारी रिकामी आणि चढणारी भरलेली खेचरं समोरासमोर आली असती, तर सगळंच ठप्प झालं असतं. म्हणून त्याने विहिरीच्या गाभ्याभोवती एकावर एक गुंफलेले दोन गोल जिने बांधले. एक फक्त उतरायचा, दुसरा फक्त चढायचा, प्रत्येकी 248 पायऱ्या. दोन्ही कुठेच एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी, पाण्यावरच्या छोट्या पुलावरून एका जिन्यातून दुसऱ्यात जायचं. आतल्या भिंतीला 70 खिडक्या आहेत आणि विहिरीच्या तोंडातून येणारा उजेड त्यांतूनच जिन्यावर पडतो.

पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, कारण त्या खेचरांच्या पावलांसाठी बांधल्या आहेत. उतरताना त्या फसव्या सोप्या वाटतात. लिफ्ट नाही, आणि अर्ध्यातून परतायचं तर उतरणाऱ्यांच्या रांगेविरुद्ध चढावं लागतं. गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा. तळाशी भर उन्हाळ्यातही गारवा आणि ओल असते, म्हणून रबरी तळव्याचे बूट आणि अंगावर काहीतरी बाह्यांचं हवं. काम 1537मध्ये संपलं. क्लेमेंट त्याआधीच, 1534मध्ये वारला होता.

(दृश्य : भुयार, भिंतीतले कोनाडे)

गावाखालची लेणीवजा भुयारं मार्गदर्शकाशिवाय बघता येत नाहीत. फेऱ्यांची नोंदणी कॅथीड्रलच्या चौकात होते. काही फेऱ्या सकाळी, काही दुपारनंतर, आणि मधे मोठी फट असते. म्हणून विहिरीतून वर आल्यावर आधी इंग्रजी फेरीची वेळ पक्की करा, मग बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवा. फेरी तासाभराची असते.

या कड्यात सुमारे 1200 पोकळ्यांची नोंद आहे. सगळ्यात जुन्या एट्रुस्कन लोकांच्या, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्यांच्या. त्यांच्या विहिरी म्हणजे खाली जाणारे अरुंद, चौकोनी बोगदे, आणि त्यांच्या समोरासमोरच्या भिंतींत पाय रोवायला खाचा. त्यांचं इथलं शहर रोमनांनी इसवी सनपूर्व 264मध्ये उद्ध्वस्त केलं. पुढे मध्ययुगात लोकांनी घराखाली तेलाचे घाणे बसवले आणि कबुतरं पाळली. ओळीने कोरलेले हे चौकोनी कोनाडे कबुतरांची घरटी आहेत. पक्षी कड्यातल्या खिडकीतून उडून जायचे, बाहेर चरून परत यायचे. मांस घरच्या घरी, दाण्याचा खर्च जवळपास शून्य. वर गेल्यावर जेवणाच्या यादीत ‘पालोंबा’ दिसेल, ते कबुतरच.

पण मऊ दगड इतका पोखरला तर त्याची किंमत मोजावी लागते. खालची चिकणमाती सरकते, वरचा टफ तडकतो. 1970च्या दशकात कडे ढासळू लागल्यावर ओर्व्हिएतो आणि तोदी या दोन गावांच्या टेकड्या सावरण्यासाठी इटलीने 1978मध्ये खास कायदा केला.

जेवण दुपारी अडीचच्या आत उरका, नंतर स्वयंपाकघरं बंद होतात. इथला पास्ता म्हणजे उंब्रिकेल्ली, हाताने वळलेल्या जाड शेवया. शाकाहारी असाल तर सॉसमध्ये डुकराच्या गालाचं मांस, ‘ग्वांचाले’, नाही ना हे विचारून घ्या. टोमॅटोच्या सॉसमध्येही ते असू शकतं.

(दृश्य : कॅथीड्रलचा दर्शनी भाग, दुपारचं ऊन)

कॅथीड्रल शेवटी ठेवायचं कारण ऊन. दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी तो सावलीत असतो, दुपारनंतर सोनेरी मोझेक उजळतात. पाया 1290चा. दर्शनी भाग वास्तुकार लोरेन्झो माइतानीच्या आराखड्याचा. खालच्या चार खांबांवरचं संगमरवरी कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीपासून सुरू होतं, ते डावीकडून बघायला लागा : सृष्टीच्या उत्पत्तीपासून उजव्या टोकाच्या अंतिम न्यायापर्यंत.

आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रविवारी प्रार्थनेमुळे दर्शनाचे तास कमी असतात. थेट उजवीकडच्या सान ब्रित्सिओ दालनात जा. चित्रकार फ्रा आंजेलिकोने 1447मध्ये छताचा थोडा भाग रंगवून काम सोडलं आणि लुका सिन्योरेल्ली या चित्रकाराने 1499 ते 1504मध्ये ते पूर्ण केलं. मेलेल्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात माणसं पांढऱ्या जमिनीतून हाताच्या जोरावर स्वतःला वर काढताहेत, काही अजून नुसते सांगाडे आहेत. ख्रिस्तविरोधकाच्या, म्हणजे ख्रिस्त असल्याचं सोंग घेणाऱ्याच्या चित्रात सैतान त्याच्या कानाशी लागलाय. डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांतले दोघे म्हणजे सिन्योरेल्ली आणि फ्रा आंजेलिको, असं मानलं जातं. वीस मिनिटं दिलीत तरी कमीच.

आता सहलींबद्दल. रोमहून निघणाऱ्या बऱ्याच बससहली ओर्व्हिएतो आणि असिसी एकाच दिवसात उरकतात. मग ओर्व्हिएतोच्या वाट्याला दीड-दोन तास येतात, आणि त्यात पहिल्यांदा गळतात ती विहीर आणि भुयारं. पैसे भरण्याआधी विचारा : गावात किती वेळ, भुयाराचं तिकीट धरलंय का, बस कुठे थांबते? काम्पो देल्ला फिएरा वाहनतळावर थांबत असेल तर वर जायला सरकते जिने आहेत, आणि ते विहिरीच्या नेमके विरुद्ध टोकाला निघतात.

(दृश्य : फ्युनिक्युलरचं खालचं स्थानक)

परतीच्या गाडीच्या किमान पाऊण तास आधी कॅथीड्रल सोडा. छोटी बस भरून निघून जाते, फ्युनिक्युलरलाही संध्याकाळी रांग असते. कागदी तिकिटावर शिक्का मारायचं यंत्र खालच्या स्टेशनवरही आहे.