बॅच नंबर कुठल्या तुकड्यावर राहिला?

(दृश्य: सोलापूर, अशोक चौक. संध्याकाळ. मेडिकलचं काउंटर.)

कारखान्यात विड्या देऊन परतणारी एक बाई चार गोळ्या मागते. दुकानदार पट्टीला कात्री लावतो. चार गोळ्या कागदाच्या पुडीत, सहा पुन्हा डब्यात. बॅच नंबर, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या गोळ्यांचा क्रमांक, डब्यातल्या तुकड्यावर राहिला. बिल तिने मागितलं नाही, त्यानेही दिलं नाही.

आता समजा, उद्या याच बॅचमध्ये दोष निघाला.

(दृश्य: कात्री, कापलेली पट्टी, जवळून.)

औषध परत बोलावताना आधी एकच बघतात: ते घेणाऱ्याला काय होईल? चूक मुद्दाम झाली की नकळत, हा हिशेब नंतरचा. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या सूचनांत रिकॉलचे तीन वर्ग आहेत. रेल्वेत पहिला वर्ग सगळ्यात चांगला. इथे तोच सगळ्यात वाईट.

पहिला वर्ग म्हणजे जिवावर बेतू शकेल असा दोष. सिरपमध्ये विषारी रसायन, किंवा पाकिटावर एक नाव आणि आत भलतंच औषध. मुदत 24 ते 72 तास, आणि निरोप थेट घराघरांत पोचवायचा. त्यासाठी वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, जे हाताशी असेल ते.

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हेच घडलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुलं दगावली. कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या एसआर-13 या बॅचमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल निघालं, तेही 48.6 टक्के. ते मूत्रपिंड निकामी करतं. ही बॅच वापरू नका, असं महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही बजावलं. महाराष्ट्राला हे रसायन नवं नव्हतं. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून तेच पोटात गेलं होतं आणि 14 रुग्ण दगावले होते.

(दृश्य: घाऊक विक्रेत्याचं गोदाम. खोकी, वह्या.)

दुसऱ्या वर्गात त्रास होतो, पण तात्पुरता, भरून येणारा. 10 दिवसांत दुकानापर्यंतचा माल परत. तिसऱ्यात शरीराला इजा होण्याची शक्यता जवळजवळ नसते. लेबलावरची छपाईची बारीकशी चूक, असलं काही. 30 दिवस, आणि घाऊक विक्रेत्यापाशी काम संपतं. ते सोपंही असतं, कारण तिथे प्रत्येक खोक्याची नोंद सापडते.

म्हणजे धोका जितका मोठा, तितकं औषधाच्या मागे लांब जावं लागतं. आणि शेवटच्या टोकाला, नेमकी जिथे घाई असते तिथे, कागदाची पुडी असते.

(दृश्य: पुन्हा तेच काउंटर. शटर अर्धं खाली.)

डब्यातल्या सहा गोळ्या परत जातील. दुकानदाराला बॅच दिसतो, खरेदीचं बिलही त्याच्याकडे आहे. बाकीच्या चार गोळ्या एव्हाना कुंभारीच्या विडी घरकुलात पोचल्यात. त्यातली एक रात्री जेवणानंतर घेतली जाईल.