परीक्षा देऊन आत या: बिलिबिलीची गोष्ट

मित्रहो, बिलिबिली हे चीनमधलं व्हिडिओंचं संकेतस्थळ, पण तशी संकेतस्थळं तिथे त्याच्या आधीच आली होती. शांघायचं तूदोऊ २००५ साली सुरू झालं, पाठोपाठ यौकू आलं. २००९ मध्ये यूट्यूबवर बंदी आली आणि मैदान देशी कंपन्यांना मोकळं झालं. पुढे मालिका-सिनेमांच्या हक्कांसाठी बोली लावण्यात त्यांचा पैसा वाहून गेला. २०१२ मध्ये यौकू आणि तूदोऊ एक झाल्या, नंतर अलीबाबा या बड्या चिनी कंपनीच्या ताब्यात गेल्या.

बिलिबिली उगवलं ते जपानी ॲनिमेशनच्या वेडातून. २६ जून २००९ रोजी श्यू यी या तरुणानं ते सुरू केलं. एसीफन हे त्याचं आवडतं संकेतस्थळ वारंवार बंद पडायचं, म्हणून त्यानं पर्याय उभा केला. धंद्याचा विचार नंतरचा.

बिलिबिलीचा खरा प्राण म्हणजे दानमू. कल्पना जपानच्या निकोनिको या व्हिडिओ संकेतस्थळाची. तुम्ही कॉमेंट लिहिता ती व्हिडिओच्या खाली जात नाही. व्हिडिओतल्या ज्या क्षणी लिहिली त्याच क्षणी, पुढे कुणीही तो बघितला तरी, ती चित्रावरून उजवीकडून डावीकडे सरकते. भीतिदायक प्रसंग येण्याआधी कुणीतरी ‘पुढे सावध’ असं लिहून ठेवलेलं असतं. नायक कोसळला की अक्षरांच्या ओळींनी पडदा इतका भरतो की चित्रच दिसेनासं होतं. त्यातली एखादी ओळ तीन वर्षांपूर्वीची असते, एखादी आत्ताची, आणि दोघी शेजारून जातात. वसतिगृहात रात्री एकट्यानं बघणाऱ्या पोराला सोबत मिळते. मला ही या माध्यमातली फार मोठी सोय वाटते.

पण चित्रावरच लिहायची मुभा दिली तर शिवीगाळही चित्रावरच येणार. म्हणून बिलिबिलीनं परीक्षा ठेवली: १०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ६० गुण. बघायला कुणीही यावं, पण दानमू लिहायचं तर आधी तिथली शिस्त माहीत हवी. सगळ्या कंपन्या दारं सताड उघडत असताना यांनी उंबरठा उंच केला, आणि माझ्या मते त्यांचं यश इथेच आहे. कष्टानं मिळालेली जागा माणूस जपतो.

असा प्रेक्षक जमल्यावर मजकूरही बदलला. बीजिंगच्या राजवाड्यातली जुनी घड्याळं आणि चित्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांवरचा सरकारी वाहिनीचा माहितीपट २०१६ मध्ये इथल्या तरुणांनी डोक्यावर घेतला. २०२० मध्ये लुओ श्यांग हे फौजदारी कायद्याचे प्राध्यापक आले. त्यांच्या उदाहरणांत ‘झांग सान’ नावाचा काल्पनिक इसम नाना गुन्हे करतो. कायद्याशी संबंध नसलेली मुलंही या झांग सानपायी तासन्तास व्याख्यानं ऐकत बसली.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो. मार्च २०१८ मध्ये कंपनी नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारात आली, तेव्हा उत्पन्नाचा चार-पंचमांशाहून अधिक भाग मोबाइल गेममधून येत होता. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारी वाहिनीच्या टीकेनंतर चिनी ॲप स्टोअरमधून तिचं ॲप महिनाभर गायब झालं. मुलांची स्वतःची वाटणारी ही जागा कुणाच्या मर्जीवर उभी आहे, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

२०२२ पर्यंत महिन्याला ३० कोटींहून अधिक लोक तिथे येऊ लागले. इतक्या गर्दीत दानमूची जुनी शिस्त टिकवायची तर परीक्षा पुरत नाही. कॉमेंट तपासायला माणसं आणि यंत्रं दोन्ही लागतात, आणि तपासणाऱ्यांना प्रेक्षकांची मर्जी सांभाळायची असते तशी सरकारचीही.