मॅगझिन रिकामं, पण पिस्तूल?

नमस्कार श्रोतेहो. ज्यांच्या घरात परवान्याचं हत्यार आहे, त्यांच्याशी आज बोलायचंय. नळी कुणाकडे वळवू नये, नेम धरेपर्यंत बोट चापावर नेऊ नये, हे तुम्हाला माहीत आहे. ते उगाळत नाही. मला सांगायचाय टेरी कॅथचा किस्सा.

'शिकागो' हा अमेरिकी रॉक बँड. गिटारच्या जोडीला ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. माझं मत विचाराल, तर रॉकला खरी जान येते ती फुंकून वाजवायच्या वाद्यांनीच. हल्ली तीन-तीन गिटारी घेऊन नुसता कल्ला करतात... असो. टेरी या बँडचा गिटारवादक, आणि बंदुकांचा भारी शौकीन. हत्यार पहिल्यांदाच हातात घेतलेला माणूस नव्हे, हे लक्षात ठेवा.

२३ जानेवारी १९७८. लॉस एंजेलिसमध्ये बँडच्याच एका सहकाऱ्याचं घर. आधी एका रिकाम्या रिव्हॉल्व्हरशी खेळून झालं. मग टेरीनं ९ मिलिमीटरचं पिस्तूल उचललं. सहकारी धास्तावला. त्याची समजूत घालायला टेरीनं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, बाहेर काढून दाखवलं. बघ, एकही गोळी नाही! मॅगझिन परत बसवलं आणि चेष्टेचेष्टेत नळी स्वतःच्याच डोक्याकडे नेली. बार उडाला. टेरी जागच्या जागी गेला. ३२वा वाढदिवस आठ दिवसांवर आला होता.

तो खोटं बोलत नव्हता, श्रोतेहो. मॅगझिन खरंच रिकामं होतं. गोळी होती चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या तोंडाशी. मॅगझिन काढलं तरी ती तिथंच राहते.

म्हणून क्रम पाठ करा. आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळा, मग बोट. मॅगझिन काढायचं, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची, की चेंबरमधली गोळी बाहेर पडते, आत डोकावायचं, आणि करंगळी घालून चाचपायचं. उलटं केलंत, आधी स्लाइड ओढलीत, तर एक गोळी बाहेर पडते आणि स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधली दुसरी आत जाऊन बसते. बाहेर पडलेली गोळी बघून माणूस निश्चिंत होतो. पुन्हा सांगतो: आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळा, मग बोट. दुसऱ्यानं तपासून दिलेलं असलं तरी हे सगळं पुन्हा करायचं. सेफ्टी लावलीय म्हणून यातलं काही गाळू नका. तीही एक यंत्राची कळच, बिघडू शकते.

ठेवताना हत्यार रिकामं करून कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ल्या कपाटाच्या माथ्यावर नकोत. ती जागा घरातल्या पोरांना तुमच्याआधी ठाऊक असते. चामड्याच्या कव्हरात महिनोन् महिने ठेवू नका. चामडं दमट हवा धरून ठेवतं, लोखंडाला गंज चढतो. पुसून, तेलाचा हलका हात फिरवून ठेवा.

आणि हो, हातातून पिस्तूल निसटलं तर झेलायला जाऊ नका. झेलताना बोट नेमकं चापात अडकतं. पडू द्या, ओरखडा आला तर येऊ द्या.