"आज शाळेत काय शिकवलं?" "काहीच नाही, खेळलो!"

नमस्कार मंडळी, आवाज नीट येतोय ना? मागे पंखा घरघरतोय तो तेवढा सांभाळून घ्या, मुंबईत जूनमध्ये पंखा बंद करून व्हिडिओ काढणं मला तरी जमणार नाही.

तर, मी महापालिकेच्या एका मराठी शाळेत दुसरीला शिकवते आणि दर शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या आईचा व्हॉट्सॲप येतोच, बाई, आठवडाभरात वहीची दोनच पानं भरलीत, जरा बघा ना. ते "जरा बघा ना" म्हणजे काय ते कळतं हो आपल्याला. घरी पोराला विचारलं तर तो म्हणतो, काहीच शिकवलं नाही, खेळलो. आज त्या "खेळलो"च्या आत काय काय असतं तेच दाखवते, मागचाच आठवडा घेते.

सोमवारी परिपाठ झाला की आमच्या गप्पा. रविवारी काय केलं, बोला. एकजण राणीच्या बागेत गेलेला, तो म्हणाला, "पेंग्विन चालताना पडेल असं वाटतं." मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. त्याच्या बोलण्यातलं काही बदललं नाही, हे महत्त्वाचं आहे बरं का, कारण पोराला कळतं की आपण तोंडाने बोललो तेच हे फळ्यावर आलंय, मग ते वाचायला त्याला कोणी ढकलावं लागत नाही, अख्खा वर्ग ओरडून वाचतो.

आता हेच एक वाक्य आठवडाभर चालतं. मंगळवारी त्याच्या पट्ट्या कापल्या, पाच शब्द पाच पोरांच्या हातात, उलटसुलट उभं राहायचं आणि बाकीच्यांनी त्यांना ओळीत लावायचं. बुधवारी त्यातली अक्षरं शोधली, प दोनदा आलाय, ल दोनदा आलाय, ड कुठाय? आपण लहानपणी ग म भ न असं वळणावरून शिकलो ना, तेही चांगलंच आहे, पण इथे अक्षर ओळखीच्या शब्दात सापडतं. मग म्हटलं, याच अक्षरांतून नवे शब्द करा. पाल आला, ताप आला, वाट आला, आणि मागच्या बाकावरून एक पोरगी जी एरवी तोंड उघडत नाही ती म्हणते, "बाई, वडापाव!" बघा की, व आहे, ड आहे, प आहे, काना आहे. झाला वडापाव! माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

गुरुवारी याच शब्दांचं श्रुतलेखन घेतलं, शुक्रवारी प्रत्येकाचं स्वतःचं एक वाक्य आणि खाली चित्र. वहीतली ती दोन पानं म्हणजे ही. चित्रात सगळ्यांनी पेंग्विनच्या खाली बर्फ काढला, मग मी पृथ्वीचा गोल आणला, कारण राणीच्या बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत, ते मुळात पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात, तिथे असा बर्फ नसतो. पेरू नावाचा देश आहे म्हटल्यावर वर्ग दहा मिनिटं हसत होता, पुढचा तास गेला तो गेलाच.

आता गणित. इथे जरा थांबते कारण पालक इथेच सगळ्यात जास्त चिडतात. तुमचं पोर पंचवीस सांगितल्यावर ५२ लिहितं ना? त्याला ओरडू नका. त्याच्या कानावर आधी "पंच" येतं, मग "वीस", तो जे ऐकतो त्याच क्रमाने लिहितो, बिचाऱ्याचं काय चुकलं? आठवतंय का, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला "वीस पाच" असंही वाचायला दिलं होतं आणि केवढा गदारोळ झालेला, मराठी बुडाली इथपर्यंत. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर समजावत होत्या की मुलांना सोपं जावं म्हणून आहे हे, पण ऐकतंय कोण. मी सरळ दोन्ही वापरते. आधी वीस पाच, हात बसला की पंचवीस.

आणि त्यासाठी लागतात काड्या. कुल्फीच्या, आइस्क्रीमच्या, कसल्याही. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा, उरलेल्या सुट्ट्या. दशक-एकक हे शब्द नंतर येतात, "सुट्टे" मात्र मुंबईच्या पोराला शिकवावं लागत नाही, बसमध्ये कंडक्टर रोज तेच तर मागतो. एकोणतीसला सगळे अडकतात, कारण कानावर तीस पडतं आणि लिहायचे २ आणि ९. मग दोन गठ्ठे, नऊ सुट्ट्या मांडायच्या आणि विचारायचं, तिसरा गठ्ठा बांधायला किती कमी? एक! एक उणा तीस, म्हणून एकोणतीस. ती शेवटची काडी टाकून रबर लावायला मिळावा म्हणून भांडणं होतात आमच्याकडे.

आधीची संख्या, नंतरची संख्या, मधली संख्या हे आम्ही स्टेशनांवर करतो. भायखळ्यानंतर काय? चिंचपोकळी. करी रोड आणि दादरच्या मध्ये? परळ. हे जमलं की २६ आणि २८ च्या मधलं सांगायला वेळ लागत नाही.

बाकी मग खिचडीच्या आधी रांगेत हात धुणं, ताटल्या मोजणं (हेही गणितच), पीटी, चित्रकला, शनिवारी गाणी-गोष्टी. जुलैत पावसाची सुट्टी जाहीर झाली की हे सगळं वेळापत्रक पाण्यात जातं आणि वाक्य सोमवारपासून परत सुरू करावं लागतं, त्याला इलाज नाही.

आणि हो, होमवर्क. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नाही म्हटलंय, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. त्यामुळे मी देत नाही म्हणून ग्रुपवर माझ्या नावाने बोंब मारू नका प्लीज. अगदीच राहवत नसेल तर संध्याकाळी डाळ निवडताना त्याच्यासमोर मूठभर राजमा टाका, दहादहाचे ढीग करून किती सुट्टे उरले विचारा, पाच मिनिटांत होतं. आणि "काय शिकवलं" असं नका विचारू, "आज फळ्यावर कोणाचं वाक्य होतं" असं विचारा, मग बघा कसा सुटतो तो बोलत.

चला, कुकरची तिसरी शिट्टी झाली, उठते. माझ्या वर्गाचे पालक बघत असाल तर कुल्फीच्या काड्या धुवून पाठवा, सोमवारी पन्नासच्या पुढे जायचंय आणि माझ्याकडे फक्त चार गठ्ठे उरलेत.